आईचं पाणी

“मॅडम, तुम्ही स्वतः हे पाणी पिता का?”

प्रश्न विचारून झाल्यावर मुकीच्या लक्षात आलं, की गाळणीघरात आपला आवाज भलताच मोठा झाला. छत उंच, भिंती ओल्या, खाली पाण्याचे रुंद हौद. तिथे बोललेलं विरत नाही, फिरून कानाशी येतं. पिता का, पिता का, असं तिला पुन्हा ऐकू आलं आणि तेव्हा तो प्रश्न तिचा राहिलाच नव्हता. मागून तिची मैत्रीण लंबू हिने तिच्या दप्तराचा पट्टा ओढला, म्हणजे शाबास. बसमध्येच पैज लागली होती. पाण्याचं केंद्र दाखवायला ज्या बाई येतील त्यांना हे विचारायचं, सगळ्यांसमोर, न हसता, आणि ‘आई’ नाही म्हणायचं, ‘मॅडम’ म्हणायचं. कारण पांढरा कोट घालून, हातात काचेची नळी धरून समोर उभ्या असलेल्या त्या बाई मुकीची आई होत्या. अख्ख्या वर्गाला ते माहीत होतं आणि गंमत सगळी त्यातच होती. एरवी पैज घ्यायची मुकीची छाती झाली नसती. पाचवीपर्यंत ती खरंच बोलायची नाही, नाव तेव्हाचं. यंदा ती वर्गाची प्रतिनिधी झाली, वादविवादात समोरच्या शाळेची दाणादाण उडवली, आणि शिक्षक आता दिवसातून चारदा म्हणतात, मुके, जरा गप्प बस. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच, डोक्यावर केस उरले नाहीत तरी खिशात कंगवा राहतो तसं.

आईने नळी स्टँडमध्ये ठेवली. ती हसेल आणि म्हणेल, अगं चहाटळ, घरी चल मग दाखवते, अशी मुकीची अटकळ होती. किंवा म्हणेल, पितो की, आम्ही सगळेच पितो. एवढं म्हटलं असतं की झालं असतं. आईने कोटाच्या खिशात हात घातले आणि वर्गाकडे बघून म्हणाली, “मी पिते. माझ्या घरी पीत नाहीत.”

आवाजात काही नव्हतं. पावसाळ्यात नदी गढूळ होते का असं कुणी विचारावं आणि हो म्हणावं, तेवढंच. कुणीतरी फिसकन हसलं. विज्ञानाच्या बाई घाईने म्हणाल्या, “चला, आता हौद धुताना बघू या,” आणि रांग पुढे सरकली. मुकी कठड्याला धरून उभी राहिली. कठडा गार होता. ‘घरी पीत नाहीत.’ घरी कोण? घरी बाबा आणि मी. म्हणजे मी. एवढ्या मोठ्या आवाजात जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर मीच होते की.

हौदाच्या तळाशी वाळू असते, आई सांगत होती. पाणी वरून येतं, वाळूतून झिरपतं, घाण वाळूत अडकते, स्वच्छ पाणी खालून निघून जातं. “पण वाळूही भरते. दिवसभर दुसऱ्याचा गाळ धरून ठेवायचा म्हणजे काय. मग ती कुणालाच पुढे जाऊ देत नाही. तिच्यावर ओरडून उपयोग नसतो. तिला खालून हवा द्यायची, म्हणजे ती आपणहून सोडते.” आईने हात केला, पलीकडच्या खोलीत कुणीतरी झडप फिरवली, आणि तो शांत हौद खालून खदखदायला लागला. तपकिरी ढग वर आले. मुली एकदम मागे सरल्या. मुकी सरली नाही. तिच्या नाकात तो वास शिरला होता, क्लोरिनचा, आणि हा वास कुठेही आला तरी तिला भीती वाटत नाही. दुसऱ्या मुलींच्या आयांना साबणाचा, तेलाचा, फोडणीचा वास येतो. तिच्या आईच्या गालाला हा येतो. पोहायला शिकताना पहिल्याच दिवशी ती बेधडक तलावात उतरली तेव्हा शिकवणाऱ्या बाईंना नवल वाटलं होतं. एवढी भित्री मुलगी. त्यांना कसं सांगायचं, की खोल पाणी वगैरे काही दिसलंच नाही, फक्त आई ड्यूटीवरून आल्यासारखं वाटलं.

त्याच्याही आधी हा वास एका दाराशी आला होता. मुकी पाच वर्षांची होती आणि दवाखान्यातल्या खाटेवर होती. भिंत पिवळी, चादर पिवळी, स्वतःची नखं पिवळी. तिला वाटायचं, सगळं जगच आजारी पडलंय. कावीळ हा शब्द तिला पक्ष्याचं नाव वाटायचा. बाबा खाटेशी असायचा, कायम. तो शिंपी, दुकान घरातच, पण त्या दिवसांत मशीन बंद होतं. तो नुसता बसून राहायचा आणि गळ्यातली टेप बोटाला गुंडाळायचा, सोडायचा, पुन्हा गुंडाळायचा. मग दाराशी तो वास यायचा आणि मुकी डोळे न उघडता म्हणायची, आई. एका संध्याकाळी तिने डोळे उघडले नाहीत आणि ‘आई’ अशी हाकही मारली नाही. झोपलीय असं समजून दोघं हळू बोलत राहिली. आई म्हणाली, घरच्या नळाचं पाणी मी स्वतः तपासलं, त्यात काही नाही. बाबाने टेप पुन्हा बोटाला गुंडाळली. मग बाबा म्हणाला, “तुझ्या बाटलीत काही सापडलं नाही. माझ्या पोरीत सापडलं.”

आईने काय उत्तर दिलं ते मुकी इतकी वर्षं आठवत आलीय. तिला फक्त कोटाची बटणं काढल्याचा आवाज आठवतो. म्हणजे उत्तर दिलंच नाही. कावीळ आली कुठून ते कुणालाच शेवटपर्यंत कळलं नाही. गच्चीवरच्या टाकीचं झाकण फुटलेलं निघालं, बालवाडीतल्या आणखी एका मुलालाही झाली होती, आणि मुकी त्या वयात दिसेल ते तोंडात घालायची. नवीन झाकण आईने बसवून घेतलं. अजून ती सुट्टीच्या दिवशी गच्चीवर जाते, झाकण हलवून बघते आणि काही न बोलता खाली येते.

“इकडे या, पुढे या,” आई प्रयोगशाळेत सगळ्यांना बोलावत होती. तिने काचेच्या नळीत पाणी घेतलं, वरून औषधाचे थेंब टाकले, आणि पाणी फिकट पिवळं झालं. “हा रंग आला की समजायचं, पाण्यात राखणदार आहे. रंग आला नाही तर मी घाबरते.” मुकीने त्या पिवळ्याकडे बघितलं. आपण ज्याला भ्यायलो तोच रंग आई रोज शोधते आणि दिसला की सुटकेचा श्वास टाकते. हे आधी कसं कळलं नाही? मग आई म्हणाली, “पण यंत्राला सगळं कळत नाही. चव माणसालाच घ्यावी लागते. सकाळी, तोंड कोरं असताना, आधी वास, मग उजेडात धरून बघायचं, मग एक घोट तोंडात धरून ठेवायचा. आणि इथे घेऊन भागत नाही. इथून निघालेली पाण्याची नळी जिथे संपते तिथे घ्यायला हवी, लोकांच्या घरात.”

लंबू कुजबुजली, “लोक सकाळी सकाळी हिला घरात घेतात?”  मुकीच्या डोळ्यांसमोर त्यांचं स्वयंपाकघर आलं होतं.

त्या स्वयंपाकघरात दोन पाणी आहेत. ओट्याच्या एका टोकाला नळ. दुसऱ्या टोकाला शेगडी, तिच्यावर मोठं पातेलं, शेजारी झाकणाचं पिंप. संध्याकाळी बाबा मशीनवरून उठतो, पातेलं भरतो, उकळतो, निववतो, फडक्यातून गाळून पिंपात ओततो. ते ‘आमचं पाणी’. पाहुण्यांनाही तेच. नळाचं ते ‘आईचं पाणी’. लहानपणी मुकीला यात काही वावगं वाटलं नाही. शेजारच्या मुलींबरोबर घर-घर खेळताना ती बाहुलीच्या आईसाठी उठून नळावर पेला भरायला गेली, तेव्हा त्या म्हणाल्या, आमच्यातूनच दे की. तिने समजावून सांगितलं, नळाचं पाणी आयांचं असतं. आई झालं की ते प्यायला येतं, आपोआप, अक्कलदाढ येते तसं. त्या मुली आठवडाभर हसत होत्या. बोलणं बंद व्हायला हेही एक कारण असावं.

आणि सकाळचं. गादीवरून अर्धवट डोळ्यांनी रोज दिसणारं. आई नळ सोडते, थोडं पाणी वाहू देते, ग्लास भरते, नाकाशी नेते, खिडकीच्या उजेडात धरते. मग एक घोट, आणि डोळे मिटून ती उभी. मुकीला वाटायचं, आज कायकाय करायचंय ते आठवत असेल. कधीकधी त्यानंतर ती केंद्रात फोन करायची, “आज क्लोरिन चढलाय जरा, बघून घ्या.” मग ड्यूटीवर जायची. हे रोज. म्हणजे जे पाणी आम्ही पिणार नव्हतो, ते ती रोज आमच्या आधी पिऊन बघत होती. नळी जिथे संपते तिथे, म्हणजे आमच्या घरात.

परतीच्या बसमध्ये लंबूने शेंगदाण्याची पुडी उघडली. “आईने तुझीच विकेट काढली ग. पैज मात्र जिंकलीस, घे.” मग चावता चावता, अगदी सहज, “पण तुम्ही मग पिता काय? हवा?”

“उकळून पितो.”

“कोण उकळतं?”

“बाबा.”

“म्हणजे तुझ्या बाबाचा तुझ्या आईवर विश्वास नाही?”

“गप ग,” मुकी म्हणाली, “विश्वासाचं काय त्यात. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.” वाक्य छान होतं, वादविवादात टाळ्या मिळाल्या असत्या. पण ते तोंडातून बाहेर पडताच तिला ते खोटं वाटायला लागलं. तिने तोंड खिडकीकडे केलं. बाहेर एक माणूस दुकानासमोरच्या फरशीवर बादली ओतत होता. न्हाव्याने गिऱ्हाइकाच्या डोक्यावर फवारा मारला. एक बाई कडेवरच्या बाळाला वाटीने काहीतरी पाजत होती आणि बाळ तोंड फिरवत होतं. रस्त्यावरच्या नळाला तोंड लावून एक हमाल पाणी पीत होता, मान वाकडी करून, डोळे मिटून, आणि पिऊन झाल्यावर त्याने तोंड पुसलं नाही, ते तसंच ओलं ठेवून तो चालायला लागला. इतकं सुख होतं त्याच्या चेहऱ्यावर. मुकीला वाटलं, बसमधून उतरावं आणि त्याला सांगावं, माझ्या आईने सकाळी चाखलंय हं ते. सगळं शहर आईच्या हातचं पाणी पितं, विचारसुद्धा न करता. विचार करायला लागत नाही हीच तर तिची कमाई. आणि शहरात एक स्वयंपाकघर असं आहे की जिथे ती रोज संध्याकाळी दमून येते आणि तिच्यासमोर तिचं पाणी पुन्हा उकळायला ठेवलेलं असतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. तिला कसं वाटत असेल? हे मी कधी विचारलं? पैजेवर कुणालाही काहीही विचारते मी.

घरी मशीन चालू होतं. बाबा कुणाच्या तरी पँटला खालची पट्टी मारत होता. स्वयंपाकघरातून खळखळ ऐकू येत होती. मुकीने दप्तर टाकलं आणि चौकटीत उभी राहून कितीतरी वेळ त्या पातेल्याकडे बघत राहिली. झाकण उडत होतं आणि बसत होतं. लहानपणी ताप आला की ती या आवाजावर झोपायची. बाबा जागा आहे, एवढंच त्यातून कळायचं, आणि तेवढं पुरायचं. या पातेल्याचा राग आणायचा तिने बसमध्ये ठरवलं होतं, तो काही केल्या येईना.

“बाबा, हे पातेलं कोणी आणलं?”

“का ग? आईने.” पाय न थांबवता तो म्हणाला.

“कोणाच्या आईने?”

“तुझ्या, आणखी कोणाच्या.” मग मशीन थांबलं. “तुला दवाखान्यातून घरी आणलं ना, त्याच दिवशी. मी दारात उभा होतो, भांडायच्या पूर्ण तयारीत. म्हणजे काय काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं मी. तर ही ड्यूटीवरून आली ती हे एवढं पातेलं काखेत घेऊन. कोटसुद्धा काढला नव्हता. म्हणाली, उकळी फुटली की लगेच उतरवू नका, थोडं खळखळू द्या. झाकण ठेवूनच निववा. पिंपात हात घालायचा नाही, पाणी काढायला वगराळं वेगळं ठेवा. मला सगळं शिकवलं. भांडूच दिलं नाही.”

मुकी खाली फरशीवर बसली, कापडाच्या चिंध्यांत. तिच्या मनातलं चित्र उलटंपालटं झालं होतं. इतकी वर्षं त्या चित्रात पातेलं बाबाचं होतं आणि आई दुसऱ्या टोकाला एकटी. तो कोटाच्या बटणांचा आवाज, ते न दिलेलं उत्तर. उत्तर दिलं होतं तर. काखेत धरून आणलं होतं.

“मग अजून कशाला उकळतोस? मी तर आता घोड्यासारखी झालेय.”

“घोडीसारखी.” तो हसला, पण सुई ओवायला लागला आणि दोरा काही आत जाईना. मुकीने त्याच्या हातातून सुई घेतली आणि ओवून दिली. “खरं सांगू? भीती केव्हाच गेली. गच्चीवरचं झाकण बदललं तेव्हाच गेली असेल, मला काय पत्ता. पण थांबवायचं कसं? मी एक दिवस नुसतंच थांबवलं, तर इतकी वर्षं उगाच तिच्या तोंडावर उकळत राहिलो असं होतं. आणि ती म्हणेल का, आता पुरे? मेली तरी म्हणणार नाही. म्हटलं तर मला वाटेल, ही म्हणतेय, बघा, माझंच खरं होतं. म्हणून मी उकळतो आणि ती बघते. शिलाईत टाका चुकला तर उसवता येतो ग. हा कुठून उसवायचा तेच कळत नाही.” त्याने पँट उलटी केली आणि पुन्हा मशीन चालू केलं, जरा जास्तच जोरात.

मुकीला हौद आठवला. वाळू. दिवसभर दुसऱ्याचा गाळ धरून ठेवणारी. आई वर्गाला सांगत होती की आणखी कुणाला?

आई आली तेव्हा ताटं मांडून झाली होती. मुकीने स्वतः मांडली होती, तीही न सांगता, त्यामुळे आईने दारातच भुवया उंचावल्या. “काय प्रतिनिधीबाई, आज सूर्य कुठून उगवला?”

“मॅडम, हात धुऊन या,” मुकी म्हणाली. दोघी हसल्या. मग मुकीने हळूच विचारलं, “चिडलीस का ग?”

“कशाला? प्रश्न चांगला होता. कुणीतरी कधीतरी विचारणार असं मला नेहमी वाटायचं.” आईने कोट खुंटीला लावला. “तू विचारशील असं नव्हतं वाटलं. पण तुझा आवाज काय लागला ग तिथे. मागच्या खोलीतले ऑपरेटर विचारत होते, ही कोण.”

“कसला प्रश्न?” बाबाने वाढता वाढता विचारलं.

आई मुकीकडे बघत राहिली. सांगायचं तर तूच सांग, नाहीतर राहू दे, असं ते बघणं होतं. मुकीने सांगितलं. पैज, गाळणीघर, मॅडम, सगळं. बाबाचा डाव भातावरच थांबला.

“मग तू काय म्हणालीस?”

“खरं ते,” आई म्हणाली. “मी पिते, घरी पीत नाहीत.”

 ओट्यावर पातेलं निवत होतं, झाकणाखालून मधूनच टक् असा आवाज येत होता. बाबाने खाली बघून भात वाढला, आधी आईला, नेहमीपेक्षा जरा जास्त. आईने पुरे म्हटलं नाही. मुकी दोघांच्या मध्ये बसली होती, एका हाताला आईचा ग्लास, दुसऱ्या हाताला बाबाचा आणि तिचा. दोन्ही पाणी सारखंच दिसत होतं. तिने मान वाकवून आरपार बघितलं, दिव्याचा उजेड दोन्हींतून सारखाच येत होता. मघापर्यंत तिला वाटत होतं, या घरात कुणीतरी हरलंय आणि ते कोण हे शोधून काढायचं आहे. आता बघितलं तर तसं कुणीच दिसेना. एक माणूस नळीच्या तोंडाशी उभा, दुसरा शेगडीशी. दोघांच्या मधून निघून, दोनदा राखलेलं, ते पाणी तिच्यापर्यंत येत होतं आणि ती गटागटा पिऊन मैदानावर पळत होती, वादविवाद जिंकत होती, पोहत होती, वाढत होती. अंगातला थेंब न् थेंब या दोघांच्या हाताखालून गेलेला. हमालाच्या ओल्या चेहऱ्यावरचं सुख तिला आता स्वतःच्या गालावर जाणवलं. एवढी श्रीमंती घेऊन लोक गप्प कसे बसतात? आणि हेही कळत होतं, की ही दोघं आता जागची हलणार नाहीत. एकाला थांबता येत नाही, दुसरीला थांब म्हणता येत नाही. हौदाला हवा खालून द्यायची असते, आणि या घरात खाली म्हणजे सगळ्यात लहान कोण, ते सांगायला नको. हे गाळणीघरातल्यापेक्षा अवघड होतं. तिथे फक्त प्रश्न विचारायचा होता.

“मला काहीतरी सांगायचंय,” मुकी म्हणाली, आणि आवाज पुन्हा वाजवीपेक्षा मोठा निघाला, पण तिने तो तसाच राहू दिला. “उद्या सकाळी मला लवकर उठवायचं. आई नळापाशी उभी राहते ना, तिथे मीही उभी राहणार. आधी वास, मग उजेड, मग घोट. ती शिकवेल तसं. उद्यापासून मी आईचं पाणी पिणार. पातेलं फेकायचं नाही, कुणी नाव काढलं तर याद राखा, आजारी पडले तर मला त्यातलंच पाहिजे, बाबाच्या हातचं. आणि बाबा, तिथे तिघांना उभं राहता येईल एवढी जागा आहे, मी मघाशी बघून आलेय. तुझा ग्लास घेऊन यायचं की नाही, ते तुझं तू ठरव.”